दुखरे कोपर आणि गोल्फचे नवे क्लब

२००४ सालच्या ऑगस्टपासून पुढे जवळजवळ वर्षभर महाराष्ट्रातील घराघरांत एका अवयवाची चर्चा चालली होती. तो अवयव म्हणजे सचिन तेंडुलकर यांचे डावे कोपर. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या बेंगळुरू आणि चेन्नई येथील कसोटींना त्यांना मुकावे लागले, नागपूरला ते परतले, परंतु दुखणे काही परतले नाही. अखेर मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये नागपुरातच श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा काढून त्यांनी पुनरागमन केले. तोवर 'टेनिस एल्बो' हा वैद्यकीय शब्द पानाच्या टपरीवरही रुळला होता. टेनिस न खेळणाऱ्याला टेनिसचा आजार कसा होतो, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी अनेकांना विचारला असेल.

त्या काळात प्रत्येक जाणकाराच्या तोंडी एकच सल्ला असे: सचिनने बॅट हलकी करावी. त्यांची बॅट सुमारे तीन पौंड दोन औंस, म्हणजे चौदाशे ग्रॅमच्या आसपास वजनाची. इतकी जड बॅट फार थोडे फलंदाज वापरीत. पुढे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी याचे उत्तर दिले आहे. हलक्या बॅटी त्यांनी वापरून पाहिल्या होत्या. पण बॅट खाली येण्याची त्यांची सारी लय त्या वजनावरच बेतलेली असल्याने त्यांना त्या मानवल्या नाहीत. दुखापत झालेल्या खेळाडूने शरीर अवजाराला जुळवून घ्यावे की अवजार शरीराला, या प्रश्नाचे ते एका असामान्य खेळाडूचे उत्तर होते. तुम्हाआम्हाला ते परवडण्यासारखे नाही.

हा प्रश्न आज पुण्यातील एका वेगळ्याच वर्गापुढे उभा आहे. येरवड्याच्या पूना क्लब गोल्फ कोर्सवर किंवा लवळे-बावधनच्या टेकड्यांतील मैदानावर पहाटे जाणाऱ्यांत पन्नाशी ओलांडलेल्यांचा भरणा मोठा. निवृत्त लष्करी अधिकारी, उद्योजक, संगणक क्षेत्रात उमेदीची वर्षे घालवून आता मोकळ्या हवेला आसुसलेले व्यवस्थापक, अशी ही मंडळी असतात. पुण्याचे उदयन माने टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारतातर्फे खेळले तेव्हापासून हा खेळ शहरातील तरुणांनाही थोडा जवळचा वाटू लागला आहे. (एरवी सर्वसामान्य मराठी माणसाचा गोल्फशी संबंध नाशिकच्या 'गोल्फ क्लब' मैदानापुरताच, आणि तेथे लोक फिरायला जातात.) वय, बैठे काम आणि आठवड्यातून एकदाच होणारा जोराचा व्यायाम ही तिन्ही एकत्र आली की कोपर, मनगट किंवा कंबर यांपैकी काहीतरी कुरकुरू लागते. मग क्लबचा नवा संच घ्यावा, तो 'फिट' करून घ्यावा, म्हणजे दुखणे जाईल, असा विचार मनात येतो. तो अर्धा बरोबर आहे.

दुखते ते नेमके काय?

गोल्फचा क्लब तसा हलका असतो. ड्रायव्हर हा सर्वांत लांब क्लब जेमतेम ३०० ते ३३० ग्रॅमचा, म्हणजे तेंडुलकरांच्या बॅटीच्या पाव वजनाचा. मग इजा होते कशी? हौशी पुरुष खेळाडूच्या ड्रायव्हरचे डोके चेंडूवर येते तेव्हा त्याचा वेग ताशी १५० किलोमीटरच्या आसपास असू शकतो. चेंडूचे वजन ४६ ग्रॅमहूनही किंचित कमी, आणि दोघांची भेट टिकते सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतकी. चेंडू बिचारा निघून जातो. न निघणारी गोष्ट म्हणजे जमीन. आयर्नचा फटका चेंडूच्या आधी जमिनीत रुतला की तो सारा वेग क्षणार्धात थांबतो आणि तो धक्का दांडीतून मुठीत, मुठीतून मनगटात आणि मनगटातून कोपरात पोचतो. उन्हाळ्यात टणक झालेल्या जमिनीवर किंवा सिमेंटच्या कोब्यावर अंथरलेल्या सरावाच्या चटईवर हे वारंवार घडते. चटईचे आणखी एक लबाड वैशिष्ट्य असे की, चुकलेला फटकाही तिच्यावरून घसरून चेंडूपर्यंत पोचतो आणि बरा गेल्यासारखा वाटतो. खेळाडूला चूक कळत नाही, कोपराला कळते.

कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्याला मनगट वर उचलणारे स्नायू जोडलेले असतात, तर आतल्या बाजूच्या उंचवट्याला मनगट वळवून मूठ आवळणारे. बाहेरची बाजू दुखली तर टेनिस एल्बो, आतली दुखली तर गोल्फर्स एल्बो. उजव्या हाताने खेळणाऱ्या गोल्फपटूचे पुढचे, म्हणजे डावे कोपर बहुधा बाहेरून दुखते आणि उजवे आतून. नावाने फसू नये. हौशी गोल्फपटूंत टेनिस एल्बोच अधिक आढळतो. दोन्हींत बिघाड असतो तो स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरेचा. तिला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ती सावकाश बिघडते आणि त्याहून सावकाश सुधारते. आठवड्यांचा नव्हे, महिन्यांचा हिशेब असतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडतो खरा. पण वर्षभराचा विचार केला तर टेनिस एल्बोत इंजेक्शन घेतलेल्यांची अवस्था न घेतलेल्यांपेक्षा चांगली नसते, उलट दुखणे परत येण्याचे प्रमाण त्यांच्यात अधिक असते, असे ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासांत दिसून आले आहे. क्लब फिट करून घेण्याच्या आदल्या दिवशी इंजेक्शन घेऊन जाणे, हा तर स्वतःचीच फसवणूक करण्याचा खात्रीचा मार्ग होय.

शिवाय कोपर बिघडवण्याचे सारे श्रेय गोल्फला देणेही बरोबर नाही. आठवड्यातून चार तास क्लब हाती असतो, तर संगणकाचा माऊस चाळीस तास. पुण्याच्या रहदारीत कर्वे रस्त्यापासून येरवड्यापर्यंत मोटारसायकलचा क्लच दाबत जाणारा डावा हात मैदानावर पोचण्यापूर्वीच अर्धा दमलेला असतो. हे सारे तसेच ठेवून केवळ क्लब बदलले, तर दुखणे का जात नाही याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

फिटिंग म्हणजे काय?

कपडे शिवताना माप घ्यावे तसे क्लबचे माप घेणे, एवढीच फिटिंगची कल्पना पुष्कळांच्या मनात असते. उंची आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजतात हे खरे, पण ती केवळ सुरुवात असते. खरे माप घेतले जाते ते हालचालीचे. खेळाडू फटके मारतो, रडारवर किंवा कॅमेऱ्यावर चालणारे यंत्र क्लबचा वेग, चेंडूचा वेग, उड्डाणाचा कोन, चेंडूची फिरकी टिपते. क्लबच्या तळाला किंवा तोंडाला चिकटवलेल्या पट्टीवर फटका कोठे बसला त्याची खूण उमटते. त्यावरून दांडीची लांबी, तिचे वजन आणि लवचिकपणा, डोक्याचा कोन, मुठीची जाडी ठरते. तयार संच विकत घेणे आणि असा संच घेणे यांत दुकानातला सदरा आणि शिंप्याकडचा सदरा यांच्यातला फरक आहेच. परंतु शिंपी उभ्या माणसाचे माप घेतो, तर येथे नाचणाऱ्या माणसाचे घ्यायचे असते.

दुखापत झालेल्याची अडचण नेमकी येथे सुरू होते, कारण दुखऱ्या माणसाचा नाच त्याचा स्वतःचा नसतो. कंबर वळत नाही म्हणून तो हातांनीच फटका ओढतो. कोपर झोंबते म्हणून चेंडूवर येता येता मूठ सैल सोडतो किंवा उलट धास्तीने आवळतो. बहुतेक वेळा त्याला स्वतःला याची जाणीवही नसते. यंत्र प्रामाणिकपणे त्या दिवशीचे आकडे देते. वेग कमी दिसतो म्हणून लवचिक दांडी सुचवली जाते, चेंडू उजवीकडे जातो म्हणून डोक्याचा कोन वाढवला जातो. सहा महिन्यांनी कोपर बरे झाल्यावर तोच खेळाडू पूर्वीच्या वेगाने क्लब फिरवतो आणि चेंडू डावीकडच्या झाडीत जाऊन पडतात. एवढा खर्च करून शिवलेला सदरा आजारपणातल्या मापाचा निघतो.

याच्या उलट चूकही तितकीच घडते. दहा वर्षांपूर्वी आपण ड्रायव्हर किती लांब मारीत होतो ते आठवून, 'बरा झालो की तसाच मारीन' अशा भरवशावर जड पोलादी दांडीचा, कडक क्लब घेतला जातो. तो हाती धरायला लागणारे शरीर मग परत येत नाही. विशेषतः लष्करातून निवृत्त झालेल्यांना हलकी किंवा 'सीनियर' असे लिहिलेली दांडी घेणे पदावनतीसारखे वाटते. वास्तविक दांडीवरच्या या अक्षरांना सर्व कंपन्यांत मिळून एकच अर्थ नाही. एकीची 'रेग्युलर' दुसरीच्या 'स्टिफ'इतकी कडक असू शकते. अक्षराचा अभिमान बाळगण्यात अर्थ नसतो.

म्हणून पहिला प्रश्न क्लबविषयीचा नसून दुखण्याविषयीचा आहे. हे दुखणे जाणारे आहे की राहणारे? कंडरेचा दाह योग्य व्यायामाने बहुधा जातो. अंगठ्याच्या मुळाशी झालेला संधिवात, झिजलेला मणका, शस्त्रक्रियेनंतर कमी झालेली खांद्याची हालचाल ही मात्र सोबतीला राहणारी मंडळी. पहिल्या प्रकारात शक्य तेवढे थांबावे आणि आज केलेला बदल उद्या मागे घेता येईल असाच करावा. दुसऱ्या प्रकारात आजचे शरीर हेच खरे शरीर मानून, मनाला थोडे समजावून, पूर्ण संच बेतून घ्यावा. हे ठरवण्याचा अधिकार दुकानदाराचा नाही आणि आपलाही नाही. तो अस्थिरोगतज्ज्ञाचा आणि फिजिओथेरपिस्टचा आहे. त्यांना 'गोल्फ खेळू का?' असे मोघम न विचारता, एका वेळी किती फटके, किती जोराचे, चटईवर की गवतावर, असे विचारले तर उपयोगी उत्तर मिळते.

मुठीपासून सुरुवात

सर्वांत स्वस्त, सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते कोपराच्या रुग्णाला सर्वांत आधी करण्याजोगा बदल म्हणजे ग्रिप. रबराची मूठ काळाने गुळगुळीत आणि टणक होते. पुण्याच्या पावसाळ्यात ती ओलसर, तर मार्च-एप्रिलमध्ये घामट असते. निसटेल या भीतीने हात ती नकळत आवळतो, आणि आवळलेली मूठ म्हणजेच ताणलेली कंडरा. नवी, मऊ, किंचित जाड मूठ बसवली की पकड आपोआप सैल होते. संधिवाताने बोटे पूर्ण मिटत नसतील तर मधल्या किंवा मोठ्या मापाची मूठ मोठा आधार देते. मुठीखाली चिकटपट्टीचा एक जादा थर दिला तरी जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागाइतकी वाढते. एवढासा फरक हाताला कळतो. मात्र जाडीचा अतिरेक झाला की मनगटाची हालचाल अडते आणि पकडायला पुन्हा जोर लागतो. आवडले नाही तर मूठ काढून दुसरी बसवता येते, हा तिचा मोठा गुण.

त्यानंतरची पायरी दांडीची. आयर्नची पोलादी दांडी साधारण ९५ ते १३० ग्रॅमची असते, ग्रॅफाइटची ५० ते ८० ग्रॅमची. ग्रॅफाइट कंपने अधिक शोषते, म्हणून दुखऱ्या हाताला तेच द्यावे असा संकेत आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु त्याकडून अवाजवी अपेक्षा नसावी. नीट बसलेल्या फटक्याचे कंपन फारसे नडत नाही. नडतो तो जमिनीत रुतलेला फटका, आणि त्याचा धक्का कोणत्याही दांडीला पूर्णपणे गिळता येत नाही. शिवाय दांडी फारच हलकी झाली तर डोके कोठे आहे याचा हाताला पत्ता लागत नाही, लय बिघडते आणि जमिनीत जाणारे फटके वाढतात. तेंडुलकरांचे म्हणणे येथे आठवावे. पोलादावरून ग्रॅफाइटवर जाताना एकदम निम्म्या वजनावर न उतरता मधला टप्पा शोधणे श्रेयस्कर.

रुतण्यावरचा खरा उतारा डोक्याच्या आकारात आहे. रुंद तळाचे आयर्न जमिनीत घुसण्याऐवजी तिच्यावरून सरकते. तीन, चार आणि पाच क्रमांकाच्या लांब आयर्नना अचूकपणा आणि वेग दोन्ही लागतात. त्यांच्याऐवजी हायब्रिड घेतले की तोच पल्ला कमी कष्टांत गाठता येतो. दुखऱ्या कोपराच्या माणसाने लांब आयर्न बाळगण्याचे समर्थन करणे कठीण आहे. नियमाने जास्तीत जास्त १४ क्लब बाळगता येतात, १४ असलेच पाहिजेत असे नाही. दहा क्लबांची पिशवी खांद्यालाही हलकी.

कंबरेचे गणित थोडे निराळे. तेथे प्रश्न वाकण्याचा आणि पिळण्याचा असतो. क्लब आखूड पडला तर खेळाडू अधिक वाकतो, म्हणून अर्ध्या इंचाने लांब दांडी काहींना सुखाची वाटते. मात्र अर्धा इंच लांबी वाढली की डोक्याचा जमिनीशी होणारा कोन सुमारे एका अंशाने उभा होतो आणि डोक्याचे वजनही हाताला जास्त जाणवते. दोन्ही पुन्हा जुळवून घ्यावे लागतात. टायगर वुड्ससारख्याने एप्रिल २०१७ मध्ये कंबरेचे मणके जोडून घेतले आणि दोन वर्षांनी ऑगस्टाची मास्टर्स स्पर्धा जिंकली, हे उदाहरण धीर देण्यासाठी ठीक आहे. त्यांच्या दिमतीला असलेला वैद्यकीय ताफा आपल्याकडे नाही, हेही ध्यानात असावे. सर्वसामान्य कंबरदुखीवाल्याला पटिंगच्या हिरवळीवर वाकून उभे राहण्याचाच जास्त त्रास होतो. त्याला लांब पटर वापरता येतो. २०१६ पासून तो छातीला किंवा पोटाला टेकवून मारण्यास बंदी आहे, पण शरीरापासून दूर धरून मारण्यास हरकत नाही. पटरच्या मुठीच्या टोकाला रबरी वाटी बसवली की भोकातला चेंडू न वाकता उचलता येतो. अशी वाटी लावल्यावर मित्र चार दिवस हसतात, पाचव्या दिवशी कोठे मिळाली म्हणून विचारतात.

कोपराला पट्टी किंवा मनगटाला टेप लावून स्पर्धेत खेळावे की नाही, अशी शंका काही जण काढतात. वैद्यकीय कारणासाठी, जरुरीपुरती टेप किंवा आधाराची पट्टी नियमांना मान्य आहे. तिच्यामुळे इतरांवर वाजवीपेक्षा अधिक मात मिळता कामा नये, एवढेच. औपचारिक स्पर्धा असेल तर समितीला आधी विचारून ठेवावे.

मापाचा दिवस

एरवीच्या फिटिंगमध्ये तास-दीड तासात शंभरेक चेंडू सहज मारले जातात. बऱ्या होत आलेल्या कोपराला एवढे एका दमात पुरेसे आहे. म्हणून वेळ ठरवतानाच दुखण्याविषयी स्पष्ट सांगावे आणि काम दोन-तीन दिवसांत विभागून मागावे. एका दिवशी तीस-चाळीस फटके, तेही ७ क्रमांकाच्या आयर्नने, बस्स. डिसेंबरच्या पहाटे येरवड्याची थंडी अंगात असताना घेतलेले माप आणि दहा वाजता ऊन अंगावर आल्यावर घेतलेले माप एकच नसते. उशिराची वेळ घ्यावी, आधी दहा-पंधरा मिनिटे अंग मोकळे करावे. शक्य असेल तर चटईऐवजी गवतावर मारू देणारी जागा निवडावी.

यंत्रावर सर्वांत लांब गेलेला फटका पाहून क्लब निवडण्याचा मोह प्रत्येकाला होतो. दुखापतग्रस्ताने मात्र दहापैकी किती फटके डोक्याच्या मध्यावर बसले, हे आधी पाहावे. दहा फुटांचा पल्ला सोडून तीन जादा स्वच्छ फटके मिळत असतील तर सौदा फायद्याचा आहे. आणि अखेरचा निकाल यंत्राच्या पडद्यावर लागतच नाही. कंडरेची तक्रार बहुधा त्याच क्षणी येत नाही, ती दुसऱ्या दिवशी सकाळी येते. चहाचा कप उचलताना, दाराची कडी फिरवताना, दात घासताना कोपर काय म्हणते ते पाहावे. नेहमीपेक्षा जास्त दुखले आणि ते चोवीस तासांत ओसरले नाही, तर एकतर फटके जास्त झाले किंवा क्लब चुकला. त्या सकाळपर्यंत पैसे देण्याची घाई करू नये.

कल्पना करा, कोथरूडच्या अठ्ठावन्न वर्षांच्या एका गृहस्थांचे डावे कोपर चार महिने दुखते आहे. त्यांनी जुन्या संचाला आधी नव्या मुठी बसवल्या, फिजिओथेरपिस्टने दिलेले वजन सावकाश खाली नेण्याचे व्यायाम बारा आठवडे केले, प्रशिक्षकाकडून चेंडूआधी जमीन का लागते ते समजून घेतले, आणि मग फक्त ७ क्रमांकाचे एकच आयर्न रुंद तळाचे, मध्यम वजनाच्या ग्रॅफाइट दांडीचे करून घेतले. ते महिनाभर खेळून पाहिल्यावर उरलेला संच मागवायचा. ड्रायव्हर असा निवडायचा की ज्याची दांडी पाना लावून बदलता येते. पुढे जोर परत आला तर नवा ड्रायव्हर घेण्याऐवजी केवळ दांडी बदलता यावी. आयर्नच्या डोक्याचा कोन वाकवून एक-दोन अंश सरकवता येतो, घडीव लोखंडाच्या डोक्यात अधिक सहज. मात्र कापून आखूड केलेली दांडी पुन्हा मूळची होत नाही. म्हणून कापण्याचा निर्णय सर्वांत शेवटी.

नवा संच आला की जुना बहुधा कॅडीच्या हाती जातो. आपल्या देशातील व्यावसायिक गोल्फच्या इतिहासात या टाकलेल्या क्लबांचे ऋण मोठे आहे. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू, अली शेर, दिल्लीच्या मैदानावरचे कॅडीच होते. अशा मुलांना मापाचा क्लब कोणी विचारत नाही. सहा फूट उंचीच्या सभासदाच्या दांडीवर सव्वापाच फुटी पोरगा आपला स्विंग बेतून घेतो. त्यांच्यातील कितींची मनगटे आणि कंबरा तरुणपणीच कामातून गेल्या, याची नोंद कोणी ठेवत नाही. जुना संच देताना निदान मुठी नव्या बसवून द्याव्यात. आणि तो देण्यापूर्वी प्रत्येक क्लबची लांबी, दांडीचे वजन आणि डोक्याचा कोन एका कागदावर उतरवून घ्यावा. वर्षभराने कोपर पूर्ण बरे झाले आणि नव्या संचात काही खटकू लागले, तर फिटिंग करणारा पहिला प्रश्न हाच विचारील की, न दुखणाऱ्या हाताने तुम्ही काय खेळत होता?